मागच्या बाकावरून

नमस्कार मंडळी. उचगावातून बोलतेय. माझ्या खिडकीपासून पुणे-बंगळूर हायवे जवळच आहे, त्यामुळे मध्येच एखाद्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या. रात्री साडेदहानंतर रेकॉर्ड करायला बसले तरी हा हायवे काही झोपत नाही.

आज 'मंडळी' म्हणताना मला जरा हसू आलं. मराठी ख्रिस्ती लोक चर्चमध्ये जमणाऱ्या माणसांना 'मंडळी'च म्हणतात. आणि गेली जवळजवळ दोन वर्षं मी अशा एका मंडळीत जाऊन शेवटच्या बाकावर बसतेय. मी ख्रिस्ती नाही. बाप्तिस्मा घेतलेला नाही. घेईन का, हे आज मला माहीत नाही. आजचा भाग त्या 'माहीत नाही'बद्दल आहे.

तुमच्यापैकी कुणाला कधी येशूबद्दल कुतूहल वाटलं असेल, कुणी मित्राबरोबर ख्रिसमसला चर्चमध्ये डोकावलं असेल, कुणी मोबाईलवर बायबलचं ॲप टाकून घरच्यांपासून लपवलं असेल. तुमच्यासाठी बोलतेय. आणि ज्यांच्या घरात असं कुणी आहे, त्यांच्यासाठी पण.

तर सुरुवात. २०२१ च्या मे महिन्यात माझे बाबा गेले. कोरोनाची दुसरी लाट. कोल्हापुरात तेव्हा काय चाललं होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दहावं, तेरावं सगळं चार माणसांत उरकलं. त्यानंतर कितीतरी महिने मला देवापुढे हात जोडता येत नव्हते. आई रोज दिवा लावायची, मी तिच्या मागे उभी राहायची आणि मनात काहीच यायचं नाही. राग पण नाही. नुसतं रिकामं.

मी सॉफ्टवेअरवाली. बीटेक केलं, पुण्याच्या एका कंपनीत लागले, लॉकडाऊनमध्ये घरी आले ती घरूनच काम करत राहिले. टीममध्ये अहिल्यानगरकडची एक मुलगी आहे. घराणं तीन-चार पिढ्यांचं ख्रिस्ती. एकदा मीटिंग संपल्यावर आम्ही दोघीच कॉलवर राहिलो आणि मी तिला म्हटलं, "तुम्ही लोक प्रार्थना करता म्हणजे नक्की काय करता गं?" मला वाटलं, आता ही मला बायबल पाठवणार. तिने पाठवलं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. म्हणाली, "आधी या बाईचं ऐक. मग बघू."

शाळेत आपण सगळ्यांनी त्यांचं नाव ऐकलेलं असतं. मी पुस्तक पहिल्यांदा सलग वाचलं ते तेव्हा. थोडक्यात गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

लक्ष्मीबाईंचे नवरे म्हणजे कवी नारायण वामन टिळक. १८९३ साली ते आगगाडीने राजनांदगावला चालले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन माणूस भेटला. गप्पा झाल्या, आणि त्या माणसाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, वाचून बघा म्हणाला. टिळक वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. म्हणजे साधारण दोन वर्षं. त्यांच्या दृष्टीने तो स्वतःच्या गतीने केलेलाच प्रवास होता.

पण घरच्यांना बातमी पोचली तेव्हा गोष्ट होऊन गेली होती. लक्ष्मीबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं. मुलगा लहान. एका बातमीने त्यांचा संसार मोडला. काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, त्यातला काही काळ पंढरपुरात. नंतर त्या टिळकांकडे परत आल्या, पण धर्म बदलून नाही. स्वतःचं सोवळंओवळं सांभाळत, दुसऱ्याच्या हातचं न खाता त्या तिथे राहिल्या. नवरा ख्रिस्ती, बायको कर्मठ ब्राह्मण, दोघं एकाच घरात. सव्वाशे वर्षांपूर्वी!

मग हळूहळू काय झालं? कुणी मोठं प्रवचन देऊन त्यांना बदललं नाही. माणसं बघून, रोजचं जगणं बघून त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, की ही उच्चनीच जात देवाने केली की माणसाने? आणि ज्या दिवशी त्यांचं उत्तर 'माणसाने' असं आलं, त्या दिवसापासून त्या कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, आणि स्वतःच्या कारणाने.

माझ्या डोक्यात ते 'स्वतःच्या कारणाने' घर करून बसलं. आणि आणखी एक गोष्ट. आपण म्हणतो ना, माझा प्रवास, माझा वेग, कुणी मध्ये बोलायचं नाही. टिळकांचाही वेग त्यांचाच होता, पण त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी भरली. ही दुसरी बाजू मी तेव्हा वाचली आणि सोयीस्करपणे विसरले. पुढे मला ती आठवावी लागली.

मग मी बायबलकडे वळले. पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि तिसऱ्या पुस्तकात अडकले. यज्ञ, अर्पणं, नियम. मैत्रिणीला सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, "अगं, हे एक पुस्तक नाही, ग्रंथालय आहे." प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलमध्ये ७३. ती म्हणाली, "मार्कपासून सुरू कर." चार शुभवर्तमानांतलं मार्क सगळ्यात छोटं, सोळा अध्याय. एका रविवारी दुपारी वाचून होतं.

मराठीत वाचायचं तर भाषांतरं बरीच आहेत. पंडिता रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते त्या गेल्यावर १९२४ साली छापून झालं. आजच्या वाचकाला सोपं वाटेल असं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आहे. हे तेच दिब्रिटो, जे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप येतो. त्याच्या मुलाला झटके येत असतात. तो येशूला म्हणतो, जमत असेल तर काहीतरी करा. आणि पुढे रडवेला होऊन सांगतो, की माझा विश्वास आहे, पण तो कमी पडतोय, त्यालाच मदत करा. हे मी माझ्या शब्दांत सांगतेय. मला काय लागलं माहीत आहे? येशू त्याला 'आधी विश्वास पूर्ण करून ये' म्हणत नाही. अर्ध्या विश्वासावर त्याचं काम होतं. हॉस्पिटलच्या गेटबाहेर मी अशीच उभी होते मंडळी. अर्धी. फरक एवढाच, की माझे बाबा परत आले नाहीत. त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि मिळालंय असं मी इथे सांगणार नाही.

दुसरा माणूस योहानाच्या शुभवर्तमानात भेटला. निकदेम. मोठा विद्वान, समाजात मान. तो येशूकडे येतो तो रात्री. बहुतेक कुणी बघू नये म्हणून. प्रश्न विचारतो, गोंधळतो. ते तिसऱ्या अध्यायात. सातव्यात तो परत दिसतो, आपल्याच लोकांच्या बैठकीत. तिथे तो एवढंच म्हणतो, की एखाद्याचं ऐकून घेतल्याशिवाय त्याला दोषी कसं ठरवायचं? आणि एकोणिसाव्या अध्यायात, येशू गेल्यावर, शिष्य पांगलेले असताना, हा माणूस दिवसाउजेडी सुगंधी द्रव्यं घेऊन अंत्यसंस्काराला येतो. तो नक्की कधी अनुयायी झाला याची तारीख योहान देतच नाही. रिलीज डेट नाही! मला हा माणूस फार आवडतो.

आता चर्चचं. आपल्या भागात हा धर्म काही काल आलेला नाही. रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च शहरात आहे. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं. आपल्या आज्या-पणज्यांनी तिथे उपचार घेतलेत. पण एवढी वर्षं शेजारी राहून मी कधी आत पाऊल टाकलं नव्हतं.

पहिल्या रविवारी मी स्कुटी काढली, शहरातल्या एका चर्चसमोर लावली आणि दहा मिनिटं बाहेरच उभी. चप्पल काढायची का ठेवायची? डोक्यावर ओढणी घ्यायची का? आत कुणी विचारलं, तू कोण, तर काय सांगू? शेवटी पुढच्या काकूंनी जे केलं ते केलं. आत गेले तर पेटी आणि तबला! मला वाटलेलं इंग्रजी पियानो असेल. हातात पुस्तक दिलं, 'उपासना संगीत'. त्यात टिळकांची गाणी, अस्सल मराठी चालीत. मला एकही पाठ नव्हतं, पण चाल ओळखीची वाटली. बाबा भजनी मंडळात टाळ वाजवायचे. मी शेवटच्या बाकावर बसून रडले. कुणी काही विचारलं नाही. निघताना पाळकांनी एवढंच म्हटलं, "पुन्हा या. प्रश्न असतील तर घेऊन या. घाई काही नाही."

सगळीकडे असंच झालं, असं नाही. एका घरी प्रार्थनेला बोलावलं होतं म्हणून गेले. तिथे एकाने सगळ्यांसमोर विचारलं, "बाप्तिस्मा कधी घेणार?" मी म्हटलं, अजून वाचतेय. तर म्हणाला, "आज रात्री तुझा अपघात झाला तर? उद्याचा काय भरवसा?" बाबांना जाऊन तीन वर्षंसुद्धा झाली नव्हती. उद्याचा भरवसा नसतो हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी चहा ठेवला आणि उठून आले.

आणि नात्यातल्या एकांना कुठूनतरी कळलं. ते फोनवर म्हणाले, "किती मिळाले?" पैसे! मी महिन्याला टॅक्स भरणारी बाई, पण मला विकत घेतलं असणार यावर त्यांचा ठाम विश्वास.

दोघं एकमेकांच्या विरुद्ध टोकाची माणसं. पण विचार केला तर दोघांनाही माझं 'अजून वाचतेय' सहन होत नव्हतं. एकाला मी लगेच आत हवी होते, दुसऱ्याला लगेच बाहेर. मी स्वतः विचार करत असेन, ही शक्यताच कुणी धरली नाही.

पण खरी परीक्षा घरात होती. मी आईला सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी 'रंकाळ्यावर चालायला जाते' म्हणून निघायचे. सहा-सात महिने. एक दिवस माझ्या बॅगेतून चार्जर काढताना तिच्या हाताला नवा करार लागला. मी स्टँडअप कॉलवर होते. ती दारात उभी राहिली, पुस्तक हातात.

"काय वाचाय लागलीयास गं हे?"

मी म्यूट केलं. सांगितलं सगळं. ती गप्प. मग म्हणाली, "तू बाटणार हाईस?"

मी म्हटलं, "माहीत नाही आई. खरंच माहीत नाही."

"गौरी-गणपतीत आरतीला हुबी राहणार का न्हाई, तेवढं सांग."

"राहणार."

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला तेव्हा लक्ष्मीबाई आठवल्या. मी टिळकांसारखंच करत होते. माझा वेग सांभाळताना मी आईला अंधारात ठेवलं होतं. ती घाबरली होती ती येशूला नाही. नवरा गेला, आता मुलगीपण कळायच्या आत कुठेतरी निघून जाईल, याला घाबरली होती.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "जायचं तर सांगून जा. रंकाळ्याचं नाव सांगू नगंस."

तेव्हापासून मी सांगून जाते. ती खूश नाही. मी खूश आहे असंही नाही, तिचा चेहरा बघून पाय जड होतो. पण आता रविवारी ती विचारते, "जाणार हाईस? मग येताना दूध आण." आमच्या घरात सध्या एवढ्यावर जमलंय.

मला वाटायचं, बाप्तिस्मा म्हणजे शेवटची पायरी, त्यानंतर सगळं स्पष्ट. मग पंडिता रमाबाईंबद्दल वाचलं. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतरही, ज्या सिस्टर्सच्या आश्रयाला होत्या त्यांच्याशीच त्या धर्मतत्त्वांवर वाद घालत राहिल्या. माझ्या बुद्धीला पटेल तेच मानीन, असा त्यांचा बाणा. आणि बऱ्याच वर्षांनी त्यांनी स्वतः लिहिलं, की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर भेटला. म्हणजे बाप्तिस्मा झाल्यावरसुद्धा शोध चालूच होता.

आणि टिळकांचं शेवटचं पर्व बघा. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही. ख्रिस्ताच्या मागे चालायचंय ना, मग या. दोन वर्षांत ते गेले, दरबार फार वाढला नाही. पण साताऱ्यात, आपल्यापासून दोन-अडीच तासांवर, शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्यासारखीसाठी बसायला जागा केली होती, हे वाचून मला बरं वाटलं.

चर्चच्या जुन्या इतिहासातही हे आहे. पहिल्या काही शतकांत नवीन माणसाला बाप्तिस्म्याआधी तीन-तीन वर्षं नुसतं ऐकायला बसवायची पद्धत काही ठिकाणी होती. आजही कॅथलिक चर्चमध्ये मोठ्या माणसाची तयारी कित्येक महिने चालते. तेव्हा 'आजच ठरव' म्हणणारा माणूस भेटला, तर तो काही जुनी परंपरा सांगत नाहीये.

आता कामाच्या गोष्टी. पहिल्यांदा जाणार असाल तर आधी एखाद्या ओळखीच्या माणसाबरोबर जा. मागे बसा. उभं राहायची वेळ आली तर उभे राहा, गुडघे टेकायला लावत नाही कुणी. प्रभुभोजन असेल, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटतात, तेव्हा आपण जागेवर बसून राहायचं. ते बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतं, आणि बसून राहिल्याचं कुणाला वाईट वाटत नाही. दानाची पिशवी फिरते, तीत टाकायलाच हवं असं नाही.

कुणी पैशाचं, नोकरीचं, लग्नाचं आमिष दाखवलं, तर उठून या. कुणी औषध बंद करा, प्रार्थनेने बरं होईल म्हणालं, तरी उठून या. आणि तुमच्या मूळ श्रद्धेला शिव्या घालायला लावलं, तरी. माझ्या बाबांच्या टाळांना नावं ठेवून मला येशू जवळचा होणार नाही.

कायद्याचं पण थोडं माहीत असू द्या. संविधानाच्या २५ व्या कलमात सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलेलं आहे. वाचायला, जायला, विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. पण बाप्तिस्म्याचे कागदोपत्री परिणाम असतात. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्धांपुरताच आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. हे बरोबर की चूक यावर मोठा वाद आहे, पण तुमच्या शिक्षणावर-नोकरीवर परिणाम होणार असेल तर आधी वकिलाशी बोला. भावनेच्या भरात सही करू नका.

आणि घरी सांगा. कधी, कसं, ते तुम्हाला माहीत. काही घरांत सांगणं धोक्याचं असतं, तिथे आधी विश्वासाचं एक माणूस शोधा. पण माझ्या घरासारखं घर असेल, तर बॅगेत सापडण्यापेक्षा तोंडाने सांगितलेलं बरं.

आमच्या कामात एक पद्धत असते. नवीन काही करून बघायचं असेल तर वेगळी ब्रँच काढायची. मेन कोडला हात न लावता काम करायचं, तपासायचं, आणि टीमला सांगायचं की माझं इथे काम चालू आहे. मर्ज करायचं का नाही, ते नंतर. काही ब्रँचेस मर्ज होतात, काही नाही. पण गुपचूप कुणी करत नाही. मी ते ऑफिसात रोज करत होते, घरी शिकायला सात महिने लागले.

मैत्रिणीने मला परवा विचारलं, "प्रार्थना करतेस का आता?" मी म्हटलं, रात्री झोपताना दोन मिनिटं बोलते. कोण ऐकतंय, खात्री नाही. बाबांचं नाव घेते, आईचं घेते. आधीचं रिकामं होतं तिथे आता निदान कुणाशीतरी बोलणं चालू आहे. ती म्हणाली, "मग झालं की."

झालं का, माहीत नाही. उद्या रविवार आहे. सकाळी नवाची उपासना, आणि येताना दूध आणायचंय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.